शार्कचं पुरे झालं, आता जरा रायच्या भाकरीबद्दल छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आइसलँडच्या खाण्यापिण्यावर आलेला लेख वाचला. मी नोकरीनिमित्त रेक्याविकला राहतो, सकाळची कॉफी आणि तुमचा ई-पेपर हे ठरलेलं, त्यामुळे हेडिंगमध्ये आइसलँड दिसल्यावर बाकी सगळ्या बातम्या सोडून आधी तिकडेच गेलो. वाचता वाचता आधी हसू आलं आणि मग वैताग. अर्धं पान आंबवलेल्या शार्कवर, त्याच्याखाली उकडलेली मेंढीची मुंडी, एक चौकट मेंढ्याच्या आंबवलेल्या वृषणांवर, आणि ही माणसं रोज घरी काय खातात याच्यावर म्हणाल तर एकच वाक्य, की "इथले लोक ज्वालामुखीच्या उष्णतेवर भाजलेली, व्हायकिंग काळापासून चालत आलेली रायची भाकरी खातात". एवढ्याशा वाक्यात दोन वेगवेगळे पदार्थ एकमेकांत कालवलेत आणि वर हजार वर्षांचा इतिहासही चुकवलाय, म्हणून हे पत्र. लांब होणार आहे, जागा नसेल तर कात्री लावा, पण भाकरीचा भाग ठेवा.

आधी शार्कचं उरकतो. हाउकार्त्ल म्हणजे तो आंबवून वाळवलेला शार्क, तो इथे कोणी डब्यात नेत नाही. जानेवारीच्या उत्तरार्धात थोर्री नावाचा जुना महिना सुरू होतो, त्या सुमारास ज्या पार्ट्या होतात त्यात त्याचे बोराएवढे तुकडे असतात, टूथपिक टोचलेले, सोबत कडक दारूचा घोट. आणि आज त्या पार्टीला जे सगळं आंबट-खारट एकत्र मांडतात, ते तसं मांडायची फॅशन रेक्याविकमधल्या नाउस्त या हॉटेलने १९५८ मध्ये पुन्हा आणली, पदार्थ जुने आहेत पण थाळी अलीकडची. माझ्या ऑफिसात कितीतरी जण असे आहेत की शार्कचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. त्याचं सगळ्यात जास्त कौतुक टुरिस्टांना आणि त्यांच्या मोबाईलच्या कॅमेऱ्याला.

रोज काय असतं? मासे असतात, स्किर म्हणजे घट्ट दह्यासारखा दुधाचा पदार्थ असतो, मेंढीचं मटण असतं, पास्ता-पिझ्झा जगात सगळीकडे असतो तसा इथेही असतो, आणि जवळजवळ प्रत्येक घराच्या फ्रीजमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चळत असते ती फ्लाटकाकाची. हीच ती रायची भाकरी. राय म्हणजे फोडणीतली मोहरी नव्हे हं, राय हे थंड प्रदेशातलं धान्य, गव्हाच्या नात्यातलं पण पिठाचा रंग करडा आणि वास मातकट, किंचित आंबूस. त्या पिठाची पातळ गोल भाकरी, जेवणाच्या ताटलीपेक्षा थोडी लहान, दोन-तीन मिलिमीटर जाड, यीस्ट नाही, फुगवायची भानगड नाही, अंगभर काट्या-चमच्यातल्या काट्याने पाडलेली भोकं आणि दोन्ही बाजूंना काळे करपलेले चट्टे. ते चट्टे म्हणजे चुकून लागलेले नव्हेत, चव त्यांचीच. हातात घेतली की मऊ, वाकते पण तुटत नाही, आणि घासात आधी धूर लागतो, मग पिठाचा गोडसर कडवटपणा.

खायची पद्धत अगदी साधी. लोणी लावायचं, आणि लावायचं म्हणजे कडेपर्यंत, मधेच एक ठिपका ठेवून मोकळं व्हायचं नाही. वर हाउंगिक्योत, म्हणजे धुरावलेल्या मेंढीच्या मटणाचे थंड, गुलाबी, कागदासारखे काप, आणि अर्ध्यात दुमडायची. बस. हा या देशातला सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात परफेक्ट मेळ आहे, कारण मटणातही धूर आणि भाकरीतही धूर, मधे लोण्याचा गारवा. मटण नसेल तर चीज, नाहीतर कायवा, म्हणजे मेंढीचं मटण कांद्या-मिरीबरोबर शिजवून वाटून चरबीत घट्ट केलेलं असतं ते, नाहीतर धुरावलेला ट्राउट किंवा साल्मन. काही लोक हाउंगिक्योतवर मटार-गाजर घातलेलं मेयोनेजचं सॅलड थापतात आणि त्याला इटालियन सॅलड म्हणतात, इटलीचा त्याच्याशी काय संबंध हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

ही भाकरी कुठे भेटत नाही ते सांगणं सोपं. पोरांच्या शाळेतल्या डब्यात चीज लावून असते. पेट्रोल पंपावर फ्रीजच्या काचेमागे दुमडलेली, पारदर्शक डबीत बंद, ट्रकवाले एका हातात कॉफी आणि एका हातात ती घेऊन निघतात. सप्टेंबरमध्ये डोंगरावर मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या हाकून खाली आणतात, गावंच्या गावं घोड्यांवर बसून दिवसदिवस बाहेर असतात, तेव्हाची शिदोरी हीच, कारण पावाचा खिशात चुरा होतो आणि भिजला की लगदा होतो, ही मात्र चेपली तरी तशीच. ख्रिसमसला हाउंगिक्योत शिजतं, ते उरतं (उरेल एवढंच शिजवतात असा माझा संशय आहे), आणि पुढचे दोन-चार दिवस घरात कोणी स्वयंपाकच करत नाही, भाकरी, लोणी, थंड मटण, पुस्तक, झोप.

आणि मयताला. हे तुमच्या लेखकाला माहीत असण्याचं कारण नाही म्हणून सांगतो. इथे दफन झाल्यावर नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सगळे चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर एखाद्या सभागृहात कॉफीला जमतात. ऑफिसातल्या एकाचे वडील गेले तेव्हा मी गेलो होतो. लांब टेबल, त्यावर मेयोनेजने सजवलेला थरांचा सँडविच-केक, क्रीम भरलेले पातळ पॅनकेक, आणि मोठ्या मोठ्या ट्रेमध्ये फ्लाटकाकाचे चार-चार तुकडे केलेले त्रिकोण, कडेने मटणाची गुलाबी किनार बाहेर आलेली. केकभोवती गर्दी होती, पण ट्रे मात्र सारखा भरावा लागत होता. एक आजोबा दर फेरीला दोन त्रिकोण उचलायचे आणि गेलेल्या माणसाची एखादी गोष्ट सांगायचे, बोटीवरची, बर्फात अडकलेल्या जीपची, लोक हसत होते, डोळे पुसत होते, खात होते. मुंज म्हणू नका पण तशाच वयात मुलांचं इथे चर्चमध्ये कन्फर्मेशन होतं, त्या पार्टीतही हाच ट्रे. म्हणजे वयात येण्यापासून ते जाईपर्यंत हिची साथ, आणि तरी कोणी तिच्यावर लेख लिहीत नाही, कारण फोटोत ती बिचारी काही खास दिसत नाही.

आता ज्वालामुखीचं. जमिनीच्या उष्णतेवर भाजतात ती फ्लाटकाका नाही, तो रूगब्रॉयद, रायचाच पण जाड, काळपट तपकिरी, गोडसर, केकसारखा पाव. लाउगारवात्न तळ्याच्या काठाला वाळूत गरम झरे आहेत, तिथे पिठाचं भांडं घट्ट बंद करून काळ्या वाळूत पुरतात आणि साधारण २४ तासांनी उकरून काढतात. उत्तरेला मीवात्न तळ्याजवळही गरम जमिनीत खड्डे करून असाच पाव करतात, तिथे तर दुधाच्या रिकाम्या कार्टनमध्ये पीठ ओतून पुरलेलं असतं. म्हणजे मंद आच, दिवसभर, पाणी न उडता शिजणं. फ्लाटकाकाचं सगळं उलट, जितकी आच कडक तितकं चांगलं, एका बाजूला मिनिटभरसुद्धा लागत नाही. ज्वालामुखीच्या वाफेवर ही करायला गेलात तर ओलं फडकं मिळेल. आणि बहुसंख्य लोक रूगब्रॉयदसुद्धा दुकानातूनच आणतात, रोज सकाळी कुदळ घेऊन कोणी तळ्यावर जात नाही, हेही जाता जाता नोंदवतो.

व्हायकिंगांकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेकडून लोक इथे येऊन वसले तेव्हा त्यांनी धान्य लावलं, पण ते मुख्यतः बार्ली. पुढे हवा थंड होत गेली, शेती परवडेना, आणि मध्ययुगाच्या शेवटी शेवटी धान्य पिकवणं जवळजवळ बंदच पडलं. मग पीठ आलं ते जहाजातून, म्हणजे जहाज आलं तर. १६०२ ते १७८७ या काळात इथला व्यापार डेन्मार्कच्या राजाने ठराविक व्यापाऱ्यांच्या हातात दिलेला होता, कोणत्या शेतकऱ्याने कोणत्या बंदरावर माल विकायचा हेसुद्धा ठरवून दिलेलं. होल्मफास्तुर ग्वुदमुंदसोन नावाच्या एका गरीब कुळाने स्वतःच्या हाप्नारफ्योर्दुर बंदराऐवजी केप्लाविकच्या व्यापाऱ्याला काही मासे विकले, म्हणून १६९९ मध्ये त्याला फटके मारले होते. चार मासे चुकीच्या बंदरात विकल्याबद्दल फटके! अशा व्यवस्थेत राय आलीच तर महाग यायची, आणि खराब यायची, अठराव्या शतकात अळ्या पडलेल्या पिठाच्या तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या होत्या.

तेव्हा "व्हायकिंग काळापासून रोज भाकरी" हे अगदीच खोटं. शेकडो वर्षं सामान्य माणसाच्या ताटात भाकरीची जागा सुक्या माशाची होती. कडक वाळवलेला मासा दगडावर हातोड्याने ठोकून मऊ करायचा, फाडायचा आणि त्याला लोणी लावायचं, पावाला लावावं तसंच. मिठाची टंचाई असल्यामुळे लोणीही बिनमिठाचं, आंबट होऊ दिलेलं, वर्षानुवर्षं टिकणारं. भाकरी सणासुदीला, पाहुणा आला तर, किंवा ज्याच्याकडे चार पैसे होते त्याच्याकडे. आणि पीठ पुरवायला काय काय घालायचे ते ऐका. डोंगरावर एक दगडफुलासारखी वनस्पती उगवते, तिला हे लोक डोंगरी गवत म्हणतात पण ती गवत नाही, लायकेन आहे, ती वेचायला उन्हाळ्यात बायका-पोरं तंबू घेऊन जायची, पावसाळी हवेत, कारण ओली असली की ती मऊ राहते आणि चटकन दिसते. ती धुवून, भिजवून, कडवटपणा काढून, चिरून दुधात शिजवायची किंवा भाकरीच्या पिठात मिसळायची. दक्षिणेला स्काफ्ताफेत्ल भागात किनाऱ्याच्या काळ्या वाळूत एक रानटी गवत वाढतं, त्याच्या ओंब्या कापून, भट्टीत सुकवून, तुडवून त्याचे दाणे काढायचे, केवढी मेहनत आणि हातात काय तर मूठभर पीठ. डोंगरी गवत घातलेला पाव आजही मिळतो, आता तो हेल्थ फूड म्हणून जास्त पैसे देऊन घेतात.

म्हणजे रायची भाकरी रोजची झाली ती एकोणिसाव्या शतकात, १८५५ मध्ये सगळ्या देशांच्या जहाजांना व्यापार खुला झाला आणि धान्य वाढत्या प्रमाणात येऊ लागलं त्याच्या मागेपुढे. बरं, रोजची झाली पण ही अशी पातळ भाकरीच का, फुगीर पाव का नाही, तर त्याचं उत्तर पिठात नाही, सरपणात आहे. वस्ती झाली तेव्हा निदान पाव भाग जमिनीवर तरी बर्चची झाडी होती असं म्हणतात, ती तोडून जाळून आणि उरलेली मेंढ्यांनी खाऊन संपली. लाकूडच नाही तर ओव्हन कुठला पेटवणार? जळणाला काय, तर दलदलीतलं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची वाळवलेली ढेकळं, आणि मेंढ्यांच्या लेंड्या. हिवाळाभर गोठ्यात मेंढ्या उभ्या असायच्या, त्यांच्या पायाखाली तुडवून घट्ट थर व्हायचा, वसंतात तो फावड्याने चौकोनी कापायचा, त्याच्या पातळ फळ्या सोडवायच्या आणि उघड्यावर उभ्या रचून वाळवायच्या. अशा जळणावर चूल धुमसते, पण तासभर सणसणीत तापलेली भट्टी काही मिळत नाही. मग दोनच मार्ग, एकतर पिठाचा गोळा उपड्या भांड्याखाली निखाऱ्यात पुरून रात्रभर ठेवा, तो झाला पाव, नाहीतर पीठ पातळ लाटून थेट निखाऱ्यावर किंवा तापलेल्या दगडावर टाका आणि क्षणात उलटा, ही झाली फ्लाटकाका. पुढे बिडाचे छोटे जड तवे आले, कोळशाच्या शेगड्या आल्या, आणि चूल बदलली तरी करपलेले चट्टे राहिले. हाउंगिक्योतसुद्धा त्याच मेंढीच्या लेंड्यांच्या धुरावर धरतात, आजही, पाकिटावर तसं अभिमानाने छापलेलं असतं. गरिबीतून आलेली चव आहे ही, परंपरा वगैरे नाव तिला नंतर मिळालं.

आता प्रत्यक्ष करतात कशी ते बघितलेलं सांगतो, कारण तुमच्या लेखात "पीठ मळून भाजतात" एवढ्यावर भागवलंय. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सासूबाई सेल्फोसला राहतात, ख्रिसमसच्या आधी त्या वर्षाची बेगमी म्हणून भाकऱ्या करतात, तर मदतीला (म्हणजे खायला) गेलो होतो. आणि कार्यक्रम किचनमध्ये नाही, गॅरेजमध्ये! गाडी बाहेर पावसात, शटर अर्धं वर, आत एका लाकडी बाकावर कुठल्यातरी मोडीत काढलेल्या शेगडीची इलेक्ट्रिक प्लेट, लाल होईपर्यंत तापवलेली. किचनमध्ये केलं तर स्मोक अलार्म बोंबलतो आणि पडद्यांना आठवडाभर वास राहतो म्हणून गॅरेज, इथे खूप घरांत हीच पद्धत आहे, काही जण तर थेट गॅसचा टॉर्च मारतात. परातीत रायचं पीठ, त्यात थोडं गव्हाचं, मीठ, चिमूटभर बेकिंग पावडर, आणि त्यावर किटलीतून उकळतं पाणी. लाकडी चमच्याने ढवळलं आणि मग हात घालण्याइतकं निवलं न निवलं तोच मळायला घेतलं. बाईंचे तळवे लालबुंद, मी बोट लावलं आणि मागे घेतलं.

उकळतं पाणीच का, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, ज्वारी-तांदळाच्या भाकरीला आपण ज्या कारणाने उकड काढतो तेच. गव्हाच्या पिठात चिवट ग्लूटेनची जाळी होते, तिच्या जोरावर पोळी ताणली जाते, रायमध्ये ती तशी होत नाही, मग गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगवून चिकट करायचा आणि त्याच्यावर काम भागवायचं. गार पाण्यात मळलं तर लाटताना कडेला भेगा पडतात. इथे एवढाच फरक की थापत नाहीत, लाटण्याने लाटतात, आणि वर एक ताटली उपडी ठेवून कडेने सुरी फिरवतात, म्हणून दुकानात सगळ्या कशा कंपासने काढल्यासारख्या गोल. मग काट्याने टोचायचं, भराभर, नाहीतर वाफ अडकून फुगते आणि फुगलेला भाग तेवढाच जळतो.

प्लेटवर टाकली की पहिल्या पाच सेकंदांत काही होत नाही असं वाटतं, आणि मग एकदम निळसर धूर. बाई चिमट्याने कड उचलून बघायच्या, उलटायच्या, एकदा थोडी सरकवायच्या म्हणजे चट्टे एकाच जागी येत नाहीत, आणि काढली की लगेच शेजारच्या थाळीतल्या पाण्यात बुचकळायच्या. फक्त एक डुबकी, चर्र आवाज, आणि ओल्या फडक्यात चळतीवर. मी विचारलं की एवढी कष्टाने भाजलेली भाकरी पाण्यात का घालतेस (इथे सासूबाईंनाही अगं-तुगंच, अहो-जाहो भाषेतून केव्हाच गेलंय), तर म्हणाल्या, घातली नाहीस तर उद्या तिने खिळा ठोकता येईल. ते ओलं फडकं हीच खरी किल्ली आहे, वाफेतच ती मऊ होते, दुमडण्याजोगी. पहिली भाकरी कोणी फडक्यात जाऊच दिली नाही, लोणी लावायच्या आधी वितळायला लागलं होतं, शटरखालून आडवा पाऊस आत येत होता आणि सगळे उभ्याने खात होते.

आता दुकानाच्या भाकरीबद्दल दोन शब्द, कारण लगेच कोणीतरी म्हणेल की घरची ती घरची. असेल. पण खरं सांगायचं तर इथे बहुतेक लोक दुकानाचीच खातात आणि त्यात काही कमीपणा नाही. रेक्याविकमध्ये पहिली बेकरी १८३४ मध्ये निघाली, बेर्नहोफ्त नावाच्या बेकरने चालवलेली, तेव्हापासून शहरातल्या लोकांना पाव विकत घ्यायची सवय लागत गेली, आणि आता तर सुपरमार्केटमध्ये, अगदी त्या गुलाबी डुकराच्या लोगोवाल्या बोनुसमध्येसुद्धा, दोन-तीन कंपन्यांच्या चळती असतात. दुकानातली थोडी जाड, थोडी मऊ, गव्हाचं प्रमाण जास्त, चट्टे मशीनच्या ज्योतीने मारलेले म्हणून फारच एकसारखे. धूर कमी लागतो हे खरं. पण बाहेर उणे तापमान, दुपारी साडेतीनला अंधार, घरी येऊन फ्रीज उघडला आणि भाकरी, लोणी, चीज हाताशी आहे, तेव्हा कोणी बेकरीच्या प्रक्रियेवर टीका करत बसत नाही. ताजी तर तशीच खा, जुनी झाली तर टोस्टरमध्ये अर्धा मिनिट. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका, रबर होतं.

शाकाहारी वाचकांसाठी, कारण आपल्याकडून उन्हाळी सुट्टीत इथे बरेच टुरिस्ट येतात आणि बिचारे आठवडाभर चिप्सवर काढतात, आणि त्यांना पहिल्याच दिवशी हॉटेलवाला शार्कच सांगतो. सुपरमार्केटमध्ये जा, फ्लाटकाकाचं पाकीट घ्या, लोणी घ्या, साधं कापलेलं चीज घ्या, एक काकडी घ्या, देशाला वळसा घालणाऱ्या रिंगरोडवर चार तास हॉटेल दिसलं नाही तरी काळजी नाही. पीठ, पाणी, मीठ एवढाच मामला असतो पण पाकिटावरचे घटक वाचून घ्या, कंपनीगणिक फरक पडतो. पेट्रोल पंपावर तयार मिळते ती बहुतेक वेळा मटणाची असते, वरून नुसती गुलाबी किनार दिसते, त्यामुळे विचारून घ्या, इंग्रजी सगळ्यांना येतं.

माझा मुद्दा शार्कवर लिहू नका असा नाही. लिहा की, मजेशीर गोष्ट आहे. पण कुठल्याही देशाच्या खाण्यावर लिहायला बसलं की आपले लेखक आधी किळसवाणं काय आहे ते शोधतात, त्याचा फोटो मोठा, आणि माणसं मंगळवारी दुपारी काय खातात हे विचारायचं राहून जातं. चार लाखांच्याही आत लोकसंख्या असलेला देश आहे, जहाजातून येणाऱ्या पिठावर आणि लेंड्यांच्या आगीवर त्यांनी जी भाकरी जमवली ती अजून रोज ताटात आहे, शाळेत आहे, मयताला आहे. मला यात शार्कपेक्षा जास्त बातमी दिसते, बाकी तुम्ही पेपरवाले, तुम्हाला जास्त कळतं.

शेवटी एक कामाचं. लेखाच्या तळाला जो छोटा फोटो आहे, ज्याच्याखाली "जमिनीत भाजलेला रूगब्रॉयद" असं छापलंय, ती फ्लाटकाका आहे. काळे चट्टे आणि काट्याची भोकं झूम केल्यावर स्पष्ट दिसतायत, दुमडून आत मटणही आहे. छापील अंकाचं आता काही करता येणार नाही पण ई-पेपरमधली ओळ बदलता येत असेल तर तेवढी बदला.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
सध्या मुक्काम रेक्याविक